आठ मिनिटं

वसमतच्या दवाखान्यात चार नंबरच्या खिडकीवर
नाव कुणी मोठ्यानं विचारत नाही.
चिठ्ठीवर आकडा असतो,
आकड्याखाली डॉक्टरांचं आखूड अक्षर: व्हीडीआरएल.
याच दुखण्याची जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीवर आहे,
लाल रंगात, हमखास इलाज, लॉजचा वरचा मजला.
आमच्याकडं नुसतं एक पांढरं कार्ड,
त्यावर गोल गोल खण.

चौदा नंबर. सातवा महिना.
हळदीच्या पॉलिशवरून तशीच आली असावी,
नखांच्या कडा पिवळ्या, पदराला तोच उग्र वास.
रक्त घेताना म्हणाली,
"बाई, लेकराचं काही दिसंल का ह्याच्यात?"
मी म्हणाले, बघू.
आम्ही सगळ्यांना बघूच म्हणतो.

रक्त फिरून खाली बसलं, वर पाणी आलं
तिच्या नखांच्या रंगाचं.
त्यातला एक थेंब खणात,
काडीच्या चपट्या टोकानं कडेपर्यंत पसरला.
वर सुईतून काळा थेंब, कोळशाच्या बारीक पुडीचा.
कार्ड फिरायला ठेवलं
आणि लाईट गेली.

इन्व्हर्टर फ्रीजला आहे, फ्रीजमध्ये लसी.
मग कार्ड हातात घेतलं, घड्याळ समोर ठेवलं.
सुपात डाळ घोळावी तसं घोळत राहिले.
खडे असतील तर येतात वर. नसतील तर नाही.

तिसऱ्या मिनिटाला तिनं विचारलं,
किती वेळ हाय अजून, साडेतीनला कुरुंद्याची गाडी.
चौथ्याला, मी न विचारता:
"ह्यांचं बोअरचं काम. तेलंगणात असतेत.
पंधरा पंधरा दिवस गाडीवरच."
पाचव्याला काहीच नाही.
सातव्याला म्हणाली, "म्या तर कुठंच जात नाही."
हे तिनं खिडकीच्या गजाला सांगितलं. मला नाही.

मनगट भरून आलं होतं.
कार्ड उजेडाकडं धरलं.
काळं एकसारखं असतं, राख कालवल्यासारखं,
तर तिला गाडी मिळाली असती.

पाणी घालून निम्मं केलं. पुन्हा निम्मं.
एकास बत्तीसपर्यंत खडे निघत राहिले.

सिस्टर तिला म्हणाल्या, रक्तात थोडा दोष आहे.
तिची मान लगेच खाली.
दोष म्हटलं की कुणाची मान खाली जायची
हे आमच्याकडं आधीच ठरलेलं असतं.
मी खिडकीतून बोलले, बोलायचं नसतं तरी:
दोष नाही, जंतू आहे. सुईनं मरतो.
तीन सोमवार यायचं. लेकरूही वाचतं.
पण दोघांनी घ्यायला पाहिजे.
"दोघांनी म्हंजे," ती म्हणाली, "कोन कोन?"

रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, जोडीदार.
दोन सोमवार तो कोराच.
ती आली, कमरेत सुई घेतली, भिंतीला धरून उभी राहिली, गेली.

तिसऱ्या सोमवारी शटर अर्धं ओढल्यावर
कुणीतरी खाली वाकून आत बघितलं.
"शिवकांताचा मालक म्या."
चौदा नंबरचं नाव मला असं कळलं.
बाहीवर दगडाची पांढरी भुकटी,
हात आधीच पुढं केलेला,
डोळे फ्रीजवरच्या कॅलेंडरकडं.

शीर सापडेना. दोनदा टोचलं.
"आमचं बी आसंच," तो म्हणाला,
"तीनशे फूट जावं, अन् धूळ."
मी हसले नाही. मग थोडी हसले.
तिसऱ्यांदा लागली.

लाईट होती. यंत्र आपलं आपण फिरत होतं.
तरी मी तिथंच उभी राहिले, हात टेबलावर ठेवून.
बाहेर बाकावर ती दोघं,
मध्ये केळांची पिशवी,
आणि तो तिला किती वाजले हे विचारत होता,
दुसऱ्यांदा.